नळीतल्या अन्नाचा हिशेब

नळीने जेवणाऱ्या माणसाला 'नको' म्हणता येत नाही. पक्षाघाताने गिळण्याची ताकद गेलेली असते, घशात कृत्रिम श्वासाची नळी असते किंवा शुद्धच हरपलेली असते. नाकातून जठरात उतरलेल्या नळीच्या वरच्या टोकाला सिरिंज लावून आता जेवायची वेळ झाली हे दुसरेच कोणीतरी ठरवते. आमटी खारट झाली, दूध लागले, पोट तुडुंब झाले, अजून भूक आहे, घशाला कोरड पडली, हे सगळे आपण एरवी तोंडाने नाही तर चेहऱ्याने सांगतो. ताटावरून उठतो किंवा पुन्हा वाढून घेतो. एका जेवणात झालेली चूक पुढच्या जेवणात आपोआप दुरुस्त होते. नळी घातली की दुरुस्तीची ही सोय संपते. रुग्णाची जीभ, भूक आणि तहान जे काम करत होती ते आता बाहेरच्या कोणीतरी, मोजून, करावे लागते.

ते मोजले जात नाही, अशी माझी तक्रार आहे. त्याऐवजी भलताच वाद रंगतो. डब्यातली पावडर चांगली की घरचे पातळ अन्न चांगले? एका बाजूला 'शास्त्रोक्त' हा शब्द असतो, दुसऱ्या बाजूला 'नैसर्गिक'. दोन्ही बाजू आपापल्या शब्दावर इतक्या विसंबून असतात की पेशंटच्या पोटात आज नेमके काय आणि किती गेले, हे विचारायचे राहूनच जाते.

आपल्या रुग्णालयांत ज्या नळीला सर्रास राईल्स ट्यूब म्हणतात, केसपेपरवर 'आरटी फीड' अशी जिची नोंद होते, ती जॉन राईल या डॉक्टराने १९२१ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये वापरात आणली. गंमत अशी की ती आत घालण्यासाठी नव्हती, बाहेर काढण्यासाठी होती. ठरावीक खाणे दिल्यावर जठरात आम्ल किती तयार होते हे पाहायला थोडा थोडा रस ओढून घ्यायचा आणि तपासायचा. म्हणजे मूळ उपकरण मोजमापाचे. हाच राईल पुढे ऑक्सफर्डमध्ये सामाजिक वैद्यकशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि आजार घराघरातल्या परिस्थितीत कसा वाढतो याचा विचार करू लागला. त्याच्या नावाची नळी आज सोलापुरात किंवा चंद्रपुरात एखाद्या दोन खोल्यांच्या घरात, घरी सोडलेल्या आजोबांच्या नाकात महिनोन्महिने असते, ही गोष्ट त्याच्या दोन्ही आयुष्यांशी जुळणारी आहे.

वॉर्डात मोजमाप अजिबात होत नाही, असेही नाही. इनटेक-आउटपुट चार्ट असतो. सकाळी सहाला २०० मिली, आठला २०० मिली, दहाला २०० मिली, अशा रकाने भरलेल्या नोंदी असतात आणि दिवसाच्या शेवटी बेरीज १८०० येते. बेरीज बघून सगळ्यांना बरे वाटते. पण हा तक्ता पाण्याचा आहे. मूत्रपिंड आणि हृदय यांच्यासाठी किती द्रव आत गेला, किती बाहेर आला, हे पाहायला तो बनवला. त्या १८०० मिलीत अन्न किती होते हे त्यात कुठेच नसते.

ढोबळ हिशेब करून पाहू. पक्षाघात झालेली ५० किलो वजनाची बाई. किलोमागे २५ ते ३० कॅलरी धरल्या तर तिला रोज १२५० ते १५०० कॅलरी हव्यात, आणि किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम धरले तर ५० ते ६० ग्रॅम प्रथिने. घरी दर दोन तासांनी २०० मिली, अशी नऊ फीड दिली जातात. त्यांतली चार टोन्ड दुधाची, चमचाभर साखर घालून. ८०० मिली दुधाच्या साधारण ४७० कॅलरी, साखरेच्या ८०. दोन फीड वरणाच्या पाण्याची. पाणीच ते, दोन्ही मिळून ७० कॅलरी झाल्या तरी पुष्कळ. एक नारळपाणी, एक मोसंबीचा रस, मिळून १२० च्या घरात. एक भाताची पातळ पेज, सुमारे ७०. बेरीज ८०० च्या आसपास आणि प्रथिने जेमतेम ३० ग्रॅम. घरातले कोणीही कसूर करत नाही. सून पहाटे पाचला उठून डाळ शिजत लावते, मुलगा नारळ आणतो, रात्री दहाचे फीड कधी चुकत नाही. तरीही ती बाई रोज निम्म्याच्या जवळपास उपाशी आहे, आणि तिचे पोट मात्र भरलेले आहे. दोन महिन्यांनी पाठीला जखम होते, ती भरत नाही. दंडाची कातडी लोंबते. घरचे म्हणतात, 'सगळं तर देतोय, अंगाला लागत नाही.'

अंगाला न लागण्याचे कारण नळीच्या आकारात दडलेले आहे. नळीचे माप फ्रेंच एककात असते आणि एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग. १४ फ्रेंचची नळी बाहेरून पावणेपाच मिलिमीटरची, आतून त्याहून अरुंद. त्यात वरण तुंबते. एकदा नळी तुंबली की रिक्षा करून दवाखान्यात जा, पुन्हा नाकातून नवी नळी घाला, पुन्हा त्या माणसाचे डोळे पाण्याने भरणार. म्हणून सून शहाणपणाने वरण गाळते, वरची निवळ घेते, पेज पाण्याने सैल करते. गाळणीत जे राहते ते अन्न, खाली उतरते ते पाणी. पिठूळ पदार्थ शिजला की घट्ट होतो आणि पातळ केला की त्यातला जीव जातो, या पेचावर घरगुती फीड अडते.

डब्यातल्या पावडरीने हाच पेच सोडवला आहे, आणि तिची रचना समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात करावी. तिच्यातला मोठा भाग माल्टोडेक्स्ट्रिनचा असतो. मक्याच्या किंवा तशाच एखाद्या पिठूळ पदार्थातल्या स्टार्चच्या लांबलचक साखळ्या विकरांनी तोडून छोट्या केल्या की माल्टोडेक्स्ट्रिन तयार होते. ते पाण्यात विरघळते, घट्ट होत नाही, फारसे गोडही लागत नाही. आता हीच किमया मोड आलेल्या नाचणीत घडते. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. ते धान्य वाळवून, हलके भाजून दळले आणि चिमूटभर पीठ घट्ट पेजेत घातले की पेज डोळ्यांदेखत सैल होते, पाणी न घालता. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या वरच्या खाण्यासाठी यावर पद्धतशीर काम केले. बाळाचे पोट छोटे, पेज घट्ट, मग जास्त कॅलरी कमी घासांत कशा द्यायच्या, हा त्यांचा प्रश्न होता. नळीचा प्रश्न तोच आहे. तरीही घरी पाठवताना मोड आणलेल्या पिठाची ही युक्ती सांगणारे डिस्चार्ज कार्ड मी पाहिलेले नाही. 'लिक्विड डाएट थ्रू आरटी' एवढे चार शब्द असतात आणि खाली सही.

डब्यातल्या बाकीच्या गोष्टीही गूढ नाहीत. प्रथिने बहुधा दुधातली, म्हणजे केसिनेट किंवा व्हे, नाहीतर सोयाबीनची. स्निग्ध पदार्थ म्हणजे सूर्यफूल, सोया, कॅनोला यांची तेले आणि काही वेळा खोबरेल किंवा पाम-बियांच्या तेलापासून काढलेली मध्यम साखळीची स्निग्धाम्ले, जी पचायला पित्ताची फारशी गरज लागत नाही आणि जी थेट यकृताकडे जातात. तंतू हवे असतील तर इन्युलिन किंवा विघटित गवार गम. जगातली बहुतेक गवार राजस्थान आणि त्याच्या शेजारच्या कोरडवाहू पट्ट्यात पिकते, ही जाता जाता सांगायची गोष्ट. वर जीवनसत्त्वे आणि खनिजे. साध्या फॉर्म्युल्यात दर मिलीला एक कॅलरी आणि लिटरमागे ४० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, बहुतेकांत लॅक्टोज नसते. ज्यांना कमी द्रव द्यायचा त्यांच्यासाठी दीड किंवा दोन कॅलरीचे दाट प्रकार असतात. आतड्याचा बराच भाग काढलेला असेल किंवा स्वादुपिंड काम करत नसेल, तर प्रथिने आधीच तोडून पेप्टाइडच्या किंवा सुट्या अमिनो आम्लांच्या रूपात दिलेली असतात. या शेवटच्या प्रकाराचे मूळ १९६० च्या दशकात अंतराळवीरांसाठी चाललेल्या रासायनिक आहाराच्या प्रयोगांत आहे. चवीला ते इतके वाईट की निरोगी माणूस ते फार दिवस पिऊ शकत नसे. नळीने चवीचा प्रश्नच मिटवला.

डब्याचे खरे मोल त्यातल्या एखाद्या घटकात नसून त्याच्या एकसारखेपणात आहे. आज घातलेले २०० मिली आणि पुढच्या मंगळवारी घातलेले २०० मिली सारखे असतात आणि त्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक असते. फिलिपीन्समधल्या काही रुग्णालयांत, तिथल्याच स्वयंपाकघरात वाटून केलेली फीड प्रयोगशाळेत तपासली गेली. कागदावर ठरलेले पोषण आणि प्रत्यक्षातले पोषण यांत मोठी तफावत होती, एकाच ठिकाणचे नमुनेही आपसांत जुळत नव्हते, शिवाय त्यांत जंतूही भरपूर सापडले. जंतूंचे हे प्रकरण हलक्यावर घेण्यासारखे नाही. वाटलेले अन्न म्हणजे जंतूंना मेजवानी, आणि अकोल्याच्या मे महिन्यात सकाळी केलेले फीड दुपारी दोनला देणे म्हणजे काय, हे कोणालाही कळावे. दोन तासांत संपवा नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा, हा नियम त्यासाठी आहे. पावडरही निर्जंतुक नसते हे मात्र विसरले जाते. कालवून ठेवलेली पावडर चार तासांपलीकडे बाहेर राहू नये. तयार द्रवाचे बंद पाकीट तेवढे खरोखर निर्जंतुक असते, आणि तेच सर्वांत महाग.

भारतातल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती किंवा रुग्णालयातल्या वाटलेल्या अन्नापेक्षा तयार फॉर्म्युल्याला पसंती दिली आहे. आयसीयूपुरते ते मला पटते. तिथे आतडे नाजूक असते, जंतू माजलेले असतात आणि मुक्काम थोडा असतो. पण तोच सल्ला जसाच्या तसा घरी नेला की काय होते? पावडरीच्या १०० ग्रॅममध्ये सव्वाचारशे ते साडेचारशे कॅलरी असतात. आपल्या त्या ५० किलोच्या बाईला फक्त पावडरीवर ठेवायचे तर रोज तीनशे ग्रॅमच्या जवळपास लागेल, म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा दीड दिवसही पुरणार नाही. महिन्याला वीसहून जास्त डबे. हा हिशेब कुटुंबाला कोणी सांगत नाही. 'हा डबा आणा' एवढेच सांगतात. मग एक डबा येतो आणि तो पुरवला जातो, प्रत्येक दुधात दोन चमचे घालून, पंधरा दिवस. पैसे जातात, समाधान मिळते, कॅलरी वाढतात त्या दिवसाला शंभर-सव्वाशे. घरगुती अन्नाचे सगळे दोष शिल्लक आणि डब्याचा एकमेव गुण, मोजता येणे, गमावलेला. सर्वांत जास्त घरांत हेच मिश्रण चालते आणि त्याबद्दल कोणतीही मार्गदर्शक सूचना बोलत नाही.

त्यापेक्षा स्वयंपाकघराकडे जरा आदराने पाहिले तर? २०० मिली टोन्ड दूध, त्यात २० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी, १५ ग्रॅम मोड आणलेल्या नाचणीचे शिजवलेले पीठ, एक चमचा तेल, एक चमचा साखर. कॅलरी ३००, प्रथिने १४ ग्रॅम, आणि द्रव सव्वादोनशे-अडीचशे मिली. असे साडेचार-पाच फीड दिले की दिवसाची गरज भागते आणि उरलेल्या वेळा निव्वळ पाण्याला मोकळ्या राहतात. ही पाककृती म्हणून देत नाही. पुष्कळांना इतके लॅक्टोज सोसणार नाही. त्यांना भुकटीऐवजी अंडे, दुधाऐवजी ताक-दही, किंवा सोयाबीनचे पीठ लागेल. मधुमेह्याची साखर जाईल, मूत्रपिंड बिघडलेल्याची प्रथिने वेगळी ठरतील, जीवनसत्त्वांची गोळी किंवा सिरप वेगळे द्यावे लागेल. मुद्दा एवढाच की वजनकाटा आणि मोजपेला हाताशी असेल तर स्वयंपाकघरातही गरजेपुरते बरेच काही जमते. आहारतज्ज्ञाने घरी जायच्या आदल्या दिवशी अर्धा तास बसून जे समजावायचे ते हेच. पण बहुतेक ठिकाणी आहारतज्ज्ञ एक आणि खाटा शेकड्यांनी, आणि तिचा वेळ जातो मधुमेहाचा छापील तक्ता वाटण्यात.

आता डब्यांच्या दुसऱ्या कपाटाकडे वळू. फुप्फुसासाठी वेगळा, यकृतासाठी वेगळा, मधुमेहासाठी वेगळा, प्रतिकारशक्तीसाठी वेगळा, अशी त्यांची रांग असते. प्रत्येकामागे एक सुसंगत तर्क असतो आणि तर्क सुसंगत असणे म्हणजे तो खरा असणे, अशी आपली समजूत होते. फुप्फुसांच्या फॉर्म्युल्याचा तर्क असा की कर्बोदके जाळताना कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो, तेव्हा व्हेंटिलेटरवरच्या माणसाला स्निग्ध जास्त द्यावे. १९९२ मध्ये एका साध्या अभ्यासाने दाखवले की कार्बन डायऑक्साइड वाढतो तो एकूण कॅलरी जास्त झाल्याने. कर्बोदकांचे प्रमाण बदलून विशेष फरक पडत नाही. म्हणजे चूक मापाची होती आणि उत्तर मात्र नव्या डब्याचे दिले गेले. अमेरिकी मार्गदर्शक सूचना आता या फॉर्म्युल्याची शिफारस करत नाहीत, तरी तो विकला जातो.

ग्लुटामिन या अमिनो आम्लाची गोष्ट अधिक बोचरी आहे. गंभीर आजारात रक्तातले ग्लुटामिन घटते, ज्यांचे जास्त घटते ते जास्त दगावतात, तेव्हा ते वरून द्या. १२२३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेडॉक्स चाचणीत ज्यांना ग्लुटामिन दिले त्यांच्यापैकी २८ दिवसांत ३२.४ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी २७.२ टक्के. निकाल उलटाच लागला. घटलेले प्रत्येक द्रव्य भरून काढायलाच हवे असे नसते. काही वेळा शरीराने स्वतःच तो कमीपणा पत्करलेला असतो.

मग प्रश्न निव्वळ मापाचा उरला. जास्त अन्न दिले तर बरे? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ३९५७ रुग्णांवर टार्गेट चाचणी झाली, २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. अर्ध्यांना मिलीमागे एक कॅलरीचे फीड, अर्ध्यांना दीड कॅलरीचे, दिसायला दोन्ही सारखी. दुसऱ्या गटाला रोज सहाशे कॅलरी जास्त मिळाल्या आणि ९० दिवसांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. प्रथिने वाढवून पाहिली ती एफर्ट चाचणीत, २०२३ मध्ये. किलोमागे २.२ ग्रॅम किंवा जास्त प्रथिने देऊन फायदा दिसला नाही, आणि मूत्रपिंड बिघडलेल्यांत तर अपाय झाल्याची चिन्हे दिसली. त्याच वर्षी फ्रान्समधल्या न्यूट्रिरिया-३ चाचणीत तीन हजारांहून जास्त रुग्णांपैकी निम्म्यांना पहिला आठवडा किलोमागे फक्त ६ कॅलरी दिल्या. त्यांचा मृत्युदर वाढला नाही, उलट ते आयसीयूतून बाहेर पडण्याजोगे किंचित लवकर झाले.

हे वाचून कोणी म्हणेल की मग हिशेबाचा एवढा आग्रह कशाला? जास्त देऊन फायदा नाही, कमी देऊन तोटा नाही, तर वरणाचे पाणी काय वाईट? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो पुराव्यावर उभा आहे. पण हा पुरावा कोणाचा आहे ते पाहावे लागेल. या चाचण्या मुख्यतः आयसीयूतल्या सुरुवातीच्या दिवसांच्या आहेत. त्या दिवसांत शरीर स्वतःच्याच स्नायूंतून साखर तयार करत असते आणि बाहेरून कितीही घातले तरी ते थांबत नाही. वरून घातलेली भर नुसता बोजा होते. चौथ्या महिन्यात घरी पडून असलेल्या, ताप नसलेल्या, जखम भरायची वाट पाहणाऱ्या बाईचे शरीर त्या अवस्थेत नसते. तिला पहिल्या आठवड्याचा नियम लावणे म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याला देणे. दुसरे असे की फ्रान्समध्ये ज्यांना ६ कॅलरी मिळाल्या त्यांना त्या ठरवून, मोजून, ठरावीक दिवसांपुरत्या मिळाल्या. आठव्या दिवशी माप वाढवायचे हे आधीच लिहिलेले होते. आपल्याकडची तूट कोणी ठरवलेली नसते, त्यामुळे ती कधी संपवायची हेही कोणाला ठाऊक नसते. जाणूनबुजून कमी देण्यासाठीही आधी मोजावे लागते. या सगळ्या चाचण्या मला हिशेबाच्याच बाजूने बोलताना दिसतात, फक्त 'जास्त म्हणजे चांगले' या समजुतीच्या विरुद्ध.

एकदम पूर्ण माप देण्यातला धोका तर दुसऱ्या महायुद्धानंतर भुकेल्या कैद्यांना पोटभर खायला घातले तेव्हाच दिसला होता. उपाशी शरीरात एकदम कर्बोदके गेली की इन्सुलिन उसळते, रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते आणि हृदय कोलमडते. म्हणून ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २००६ च्या सूचना सांगतात की अशा माणसाला किलोमागे १० कॅलरीपासून, फारच खंगलेला असेल तर ५ पासून सुरुवात करा आणि आधी थायामिन द्या. आठवडाभर काहीच न खाल्लेल्या कर्करोगी रुग्णाला नळी घातल्या दिवशीच 'फुल फीड' लिहिणारे डॉक्टर आणि चार महिने वरणाच्या पाण्यावर ठेवणारे डॉक्टर बहुधा वेगळे नसतात. दोन्ही वेळा केसपेपरवर मिली असते, कॅलरी नसतात.

याचे एक कारण या पदार्थाच्या दर्जात आहे. तो अन्न म्हणून विकला जातो आणि औषध म्हणून दिला जातो, आणि दोन्हींच्या शिस्तीतून सुटतो. अमेरिकेने १९८८ च्या कायद्यात 'वैद्यकीय अन्न' अशी व्याख्या केली. डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यायचे, पण बाजारात आणण्याआधी औषधासारखी मंजुरी लागत नाही. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी जवळपास तीच चौकट आणली, वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावे असे डब्यावर छापायला लावले. पण दुकानदार चिठ्ठी मागत नाही. अन्न म्हणावे तर त्याला चव, वास, पंगतीतली चार डोळ्यांची देखरेख नाही. औषध म्हणावे तर मात्रा, वेळ, दिली की नाही याची नोंद, दुष्परिणामाची नोंद नाही. पॅरासिटामॉलच्या एका गोळीपुढे सिस्टर वेळ टाकून सही करते. दिवसाच्या सगळ्या अन्नापुढे तशी सही नसते. फीड स्कॅनसाठी थांबवले, ड्रेसिंगसाठी थांबवले, उलटीसारखे वाटले म्हणून थांबवले, आणि बुडालेले फीड नंतर भरून काढायचे कोणाच्याच यादीत नसते. जगभरच्या आयसीयूंच्या पाहण्यांत लिहून दिलेल्या अन्नापैकी ६० टक्क्यांच्या आसपासच पोटात पोचते असे दिसले आहे, आणि ही मोजणारी आयसीयू आहेत.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. नळीतले अन्न औषधांच्याच तक्त्यावर लिहा. काय, किती कॅलरी, किती प्रथिने, किती वेळाने, आणि संध्याकाळी प्रत्यक्ष किती गेले. फिनिटॉइनसारखे औषध फीडला चिकटून वाया जाते, लेपित गोळ्या कुटून घातल्या की त्यांचा अर्थ उरत नाही, गोड सिरपांतल्या सॉर्बिटॉलने झालेल्या जुलाबांचा ठपका फीडवर येतो आणि फीड बंद होते. अन्न आणि औषध एकाच कागदावर आले तर यातले निम्मे गोंधळ कोणाच्या तरी नजरेला पडतील. घरी जाताना हाच कागद 'लिक्विड डाएट'च्या जागी द्या. आणि महिन्यातून एकदा वजन, तेही न जमल्यास दंडाचा घेर, मोजपट्टीने.

या तक्त्यात एक रकाना आणखी हवा, आणि तो लिहायला सर्वांत अवघड आहे: ही नळी कशासाठी, आणि कधी काढायची? २००५ मध्ये पूर्ण झालेल्या फूड चाचणीत पक्षाघातानंतर गिळता न येणाऱ्या रुग्णांना लवकर नळीने अन्न दिले तेव्हा मृत्यू थोडे घटल्यासारखे दिसले, पण जे वाचले त्यांतले बरेचसे फार परावलंबी अवस्थेत वाचले. त्याच चाचणीत पोटातून घातलेल्या 'पेग' नळीपेक्षा नाकातल्या साध्या नळीने सुरुवातीच्या आठवड्यांत बरे निकाल दिले. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाबाबत तर नळीने आयुष्य वाढते किंवा फुप्फुसात अन्न जाणे टळते असा पुरावा मिळालेला नाही. अमेरिकी जराचिकित्सा संघटना २०१४ पासून स्पष्ट सांगते की अशा माणसाला नळी सुचवू नका, हाताने सावकाश, त्याला हवे तेवढे भरवा.

हे वाक्य आपल्या घरात म्हणून पाहावे. 'उपाशी मारायचं का मग आईला?' असा प्रश्न लगेच येईल, आणि तो विचारणाऱ्याला शेजारपाजार, आत्या, मावशी सगळ्यांची साथ असेल. या प्रश्नाला पुराव्याने उत्तर देता येत नाही, कारण तो पुराव्याचा प्रश्नच नाही. पण त्याच्या आड दुसरी एक गोष्ट लपते आणि तिच्याबद्दल बोलता येते. हाताने भरवायला एका जेवणाला पाऊण तास लागतो. घास तोंडात धरून ठेवणाऱ्या, मध्येच झोपणाऱ्या माणसाला ठसका न लागू देता भरवायचे तर तासही लागेल, दिवसातून चारदा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांना परिचारिकांनी वर्षानुवर्षे मऊ केलेले अन्न तोंडाने भरवले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या त्या सेवेची आवर्जून दखल घेतली. पण तिथे एक संपूर्ण परिचारिकावर्ग पाळ्या लावून उभा होता. घरात एक सून, ब्युरोतून आलेली एक मावशी आणि नोकरीवर गेलेला मुलगा असताना नळीचे फीड दहा मिनिटांत होते. नळी बहुतेक वेळा आईसाठी घातली असे आपण म्हणतो आणि ती घातलेली असते भरवणाऱ्यांसाठी. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्या घरात दुसरा हात नाही तिथे ते पूर्ण समर्थनीयही असेल. पण मग केसपेपरवर 'पोषणासाठी' असे लिहू नये. 'भरवायला माणूस नाही' असे लिहावे, म्हणजे निदान पुढच्या भेटीत कोणीतरी विचारेल की रोज दोन तास भरवायला येईल अशी बाई मिळते का, आणि तिचे पैसे महिन्याच्या वीस डब्यांपेक्षा जास्त होतात की कमी.